आबांच्या मिठातला मासा

आबा सकाळी गेले. दुपारी त्यांचे भाऊ बाळारामकाका आमच्या घरात आले. सात-आठ वर्षांत ते आमच्या उंबऱ्याच्या आत आले नव्हते. आबांना हॉलमध्ये ठेवलं होतं. काका त्यांच्याकडे गेले नाहीत. ते भिंतीजवळच्या माशाच्या टाकीकडे गेले, झाकण उचललं, पाण्यात बोट बुडवलं आणि ते बोट तोंडात घातलं.

जमलेल्या बायका एकमेकींकडे बघू लागल्या. "याना काय झालं आता?" असं कुणीतरी पुटपुटलं.

त्यांना काय झालं होतं हे सांगायचं तर आधी आबांविषयी सांगावं लागेल, आणि आबांविषयी चांगलं बोलणं मला आजही जड जातं. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये, असं माझ्या माहेरी, पालीकडे म्हणतात. आबांचं मत वेगळं होतं. "मेल्यावर कोन गोड व्हतो काय? जिता असताना कडू, त मेल्यावर पन कडूच," असं ते कुणाच्याही तेराव्याचं जेवून घरी आले की म्हणायचे. तेव्हा मी हे त्यांच्याच परवानगीनं लिहिते आहे असं समजावं.

आबा म्हणजे माझे सासरे, हिराजी. पेणच्या खाडीकाठच्या आमच्या गावात त्यांच्या घराची मिठागरं होती. माणूस उंच, काटक, पाठीत जरा वाकलेला. लाकडी फावड्यानं मीठ ओढून ओढून पाठ वाकते, ती पुढे फावडं सुटलं तरी सरळ होत नाही. आबांचा स्वभावही तसाच होता. समोर ओढायला काही नसलं तरी ते ओढत राहायचे.

कुठलीही गोष्ट ते बोट लावून चाखत. आमटी, दूध, औषधाची बाटली, नवीन विहिरीचं पाणी. घराला रंग दिला तेव्हा रंगाच्या डब्यात बोट घालताना मी त्यांना पाहिलं आहे. माणसांच्याही त्यांच्या लेखी तीनच जाती होत्या: खारट, अळणी आणि नासकी. खारट म्हणजे चांगला. अशी माणसं गावात दोन-तीनच होती आणि ती सगळी वारलेली होती. धाकटा भाऊ बाळाराम नासका. मी अळणी.

नावानं ते कुणालाच हाक मारत नसत. माझा नवरा नरेश, त्यांचा एकुलता मुलगा, ट्रक चालवायचा, पुढे त्यानं स्वतःचे दोन ट्रक घेतले. तरी तो शेवटपर्यंत "डायवर". मी तालुक्याच्या कॉलेजात ग्रंथपाल. माझं नाव "पुस्तक".

हे नाव मला लग्नाच्या चौथ्या दिवशी मिळालं. माहेराहून माझी खोकी टेम्पोतून उतरत होती. आबा ओटीवर उभे.

"भांडी हायत?"

"नाही, पुस्तकं."

"वाचून झालेली का वाचायची?"

"दोन्ही आहेत."

"वाचून झालेली कशाला आनलीस? खाल्लेलं ताट घेऊन कोन गावभर फिरतं?"

टेम्पोवाला हसला. नरेशही हसला. मीही हसायला हवं होतं असं नंतर सासूबाईंनी मला समजावलं. त्या भल्या होत्या. पुढच्याच वर्षी गेल्या आणि आबांच्या तोंडासमोर उभी राहणारी एकटी मी उरले.

"ए पुस्तक, च्या कर."

"ए पुस्तक, पालीत समुद्र नाय म्हनून तुमी पुस्तकं वाचतावं काय?"

कॉलेजातले सहकारी घरी आले तरी हेच. मी आबांना एकदा स्पष्ट सांगितलं की मला नाव आहे. ते म्हणाले, "हाय ना. पन ते तुझ्या बापानी ठेवलंय. ह्या घरात काय ठेवायचं ते मी ठरवीन."

तर मिठागर. उधाणाचं पाणी बांधातून आत घ्यायचं, एका वाफ्यातून दुसऱ्यात फिरवत उन्हावर आटवायचं, शेवटच्या वाफ्यात मीठ बसतं ते ओढून ढीग घालायचे. मी प्रत्यक्ष पाहिलेला मोसम एकच, कारण दुसऱ्या वर्षी ती सगळी जमीन प्रकल्पात गेली. जमीन जाणार हे सगळ्यांना माहीत होतं. आबांनाही. पण मोसम संपेपर्यंत मुदत होती आणि शेवटच्या वाफ्यांत मीठ तयार होऊन बसलं होतं. बाळारामकाकांनी भरावाचं काम घेतलं होतं. ठेकेदाराला घाई होती. एका सकाळी काकांचेच ट्रक आले आणि त्यांनी वाफ्यांवर मुरूम ओतायला सुरुवात केली.

आबा तिथे पोहोचेपर्यंत अर्धे वाफे बुजले होते. त्यांनी भावाला शिवी दिली नाही, असं नरेश सांगतो. ते एका कोपऱ्यात उतरले आणि ट्रक मागे-पुढे होत असताना हातानं मीठ पोत्यात भरत राहिले. जेवढी पोती भरली तेवढी भरली. बाकीचं मीठ अजूनही तिथल्या रस्त्याखाली आहे.

"उभं मीठ गाडलं," ते म्हणायचे. "उभ्या मानसाला गाडावं तसं."

भावाशी बोलणं त्या दिवसापासून बंद. नंतर दोघांनी बंगले बांधले तेही समोरासमोर, कारण गावठाणातली जागा तेवढीच होती. मधे एक गल्ली. काही सांगायचंच झालं तर ते गल्लीतून जाणाऱ्या तिऱ्हाईताला सांगितलं जायचं. "त्याला सांग, त्याचा ट्रक माझ्या गटारावर हाय." "त्याला सांगा, गटार सरकारचं हाय." तिऱ्हाईत बिचारा मधे उभा राहून एकदा इकडे, एकदा तिकडे बघायचा.

नव्या बंगल्यात पूर्वेची खोली नरेशनं मला पुस्तकांसाठी कबूल केली होती. मी कपाटांची मापंही घेऊन ठेवली होती. घरभरणीच्या दिवशी तिथे आबांची पोती येऊन बसली. ओलावा धरणारं, मातकट, जाड मीठ. पावसाळ्यात पोत्यांना पाझर फुटायचा, फरशी चिकट व्हायची, भिंतीला पांढरे पोपडे. जागाच नव्हती म्हणून मी पुस्तकं त्याच खोलीत उंचावर लावली. दोन पावसाळ्यांत त्यांची पानं फुगली, पुठ्ठे वाकले. माझ्या वडिलांनी दिलेला शब्दकोश उघडताना पानं एकमेकांना चिकटून फाटली. मी तो आबांसमोर नेऊन धरला.

त्यांनी पानाला बोट लावलं, चाखलं आणि म्हणाले, "टिकंल आता. मीठ लागलेली मासली टिकतं."

त्या दिवशी मी त्यांना म्हणाले की एक दिवस ही पोती मी गटारात ओतणार आहे. ते म्हणाले, "ओत. पन आदी मना ओत." आणि मग, मी वळल्यावर, "अलनी बाय हाय, पन तोंडात थोडं मीठ आलंय."

अळणी या शब्दाला मधल्या काळात आमच्या घरात आणखी एक अर्थ आला होता. डॉक्टरांनी रक्तदाबामुळे आबांचं मीठ बंद केलं होतं. ज्या माणसानं जन्मभर मीठ पिकवलं त्याला मीठ न घालता जेवू घालायचं काम माझ्याकडे आलं. रोज दोन वेळा ताट पुढे ठेवायचं आणि रोज दोन वेळा ऐकायचं: "मढ्याला निवद दाखवतात तसं वाढतंय मना." कधी ते ताट तसंच सरकवायचे. मी उचलून घ्यायची. मी आग्रह करत नसे आणि ते मागत नसत. आमच्यातला व्यवहार असा चालला होता.

मग बाळारामकाकांच्या मुलीची हळद आली.

आमच्याकडे हळद लग्नापेक्षा मोठी. भांडण असलं तरी मोठ्या भावाचा मान चुकवता येत नाही; पहिली हळद त्यानंच लावायची. मांडव गल्लीतच होता, म्हणून आबांना कुणाचा उंबरा ओलांडावा लागला नाही. ते गेले, हळद लावली, मांडवाच्या खांबाला टेकून खुर्चीवर बसले. मी त्यांच्या मागे. समोर काकांच्या हॉलचं दार सताड उघडं होतं आणि आत निळ्या दिव्याखाली एक मोठी काचेची टाकी होती. त्यात नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेले मासे. आलेली पाहुणेमंडळी जेवणाआधी टाकी बघायला रांगेनं आत जात होती.

काका पाहुण्यांना सांगत होते, पण आवाज मांडवभर पोहोचेल असा. "समुद्रातला मासा हाय. नदीचा नाय. याला खारं पानी लागतं. आनि आपलं मीठ त्याला चालत नाय, हां! डब्यातून येतं त्याचं मीठ. आपलं घातलं त मरल." ते थोडे थांबले. "मासा जगत नाय असल्या मिठासाठी आमचे दादा अजून सुतकात हायत."

लोक हसले. ढोलवाले थांबले होते, त्यामुळे हसणं जास्त ऐकू आलं.

आबा उठले. गालावर कुणीतरी लावलेली हळद तशीच होती. कित्येक वर्षांत पहिल्यांदा ते भावाशी थेट बोलले.

"एक मोसम. आपल्या मिठात मासा जगवून दाखवतो. मेला, त तुझ्या दारात येऊन सगल्यांसमोर बोलन, बाळाराम, तू मीठ गाडलंस ते बरं केलंस."

"आनि जगला त?"

"त तू माझ्या घरात येशील. आनि बोलशील, पाप केलं."

"बोलन ना!" काका म्हणाले. "कदी आनतंस मासा?"

ढोलवाल्यांनी पुन्हा वाजवायला सुरुवात केली; कुणीतरी त्यांना खूण केली असावी.

चार दिवसांत नरेशनं पनवेलहून टाकी आणली. आबांनी ती हॉलमध्ये दारासमोरच ठेवायला लावली, म्हणजे गल्लीपलीकडून दिसावी. पूर्वेच्या खोलीतलं एक पोतं फोडलं, मीठ फडक्यातून गाळून बादलीत विरघळवलं, टाकीत ओतलं, बोट बुडवून चाखलं, पुन्हा थोडं घातलं, पुन्हा चाखलं. "आलं. समुद्र आला," असं म्हणून त्याच संध्याकाळी त्यांनी दुकानातून आणलेली माशांची जोडी पाण्यात सोडली.

मी कॉलेजातून माशांच्या टाकीवरचं एक पुस्तक आणलं होतं. इंटरनेटवरही बरंच वाचलं होतं. मी म्हणाले, "आबा, नवीन टाकीत लगेच मासे सोडत नाहीत. पाणी आधी पिकावं लागतं. त्यात डोळ्याला न दिसणारे जंतू वाढावे लागतात, ते माशांची घाण पचवतात. आणि क्षार मोजायला काचेची नळी मिळते, जिभेवर—"

"नळी?" ते म्हणाले. "व्यापाऱ्याची नळी माझ्या घरात? पन्नास वर्षं ती नळी बुडवून ते भडवे बोलत व्हते, हिराजी, तुझं पानी कच्चं हाय. आनि पन्नास वर्षं मीठ माझंच उचलत व्हते."

मासे आठवडाभरात मेले. त्याआधीच मी नळी आणून गुपचूप पाण्यात बुडवली होती. पाणी समुद्राच्या मानानं निम्मंही खारं नव्हतं. नुसती घाई नव्हे, जीभही चुकली होती. दोन वर्षं अळणी जेवलेल्या जिभेला थोडंसं मीठही समुद्राएवढं लागत होतं.

हे मी त्यांना सांगितलं. सांगताना मला बरं वाटलं हेही लिहायला हवं.

त्यांनी मला नीट ऐकून घेतलं. मग म्हणाले, "जीभ बदलली?"

"हो."

"अलनी खाऊन?"

"हो."

"अलनी कोन घालत व्हतं? तू. म्हंजे मासं तू मारलंस." आणि गल्लीकडे तोंड करून मोठ्यानं, "ऐका रं! मासं सुनेनी मारलं!"

समोर काका त्यांच्या ओटीवर खुर्ची टाकून बसलेले असत. त्या दिवसांत दोघांचाही तोच उद्योग होता. गल्लीच्या अलीकडे एक म्हातारा, पलीकडे एक म्हातारा, आणि मधे आमच्या हॉलमधली टाकी. काका दूध घालणाऱ्याला म्हणाले, "त्याला सांग, मोसम मोठा हाय. घाई नाय. दारात रांगोली काढून ठेवतो."

पाणी पिकण्याची गोष्ट मात्र आबांना पटली, माझ्या बोलण्यानं नव्हे, त्यांच्या स्वतःच्या हिशेबानं. नवा वाफा पहिल्याच वर्षी मीठ देत नाही. चिखल तुडवावा लागतो, बसू द्यावा लागतो. त्यांनी खाडीतून कालवं चिकटलेले दगड आणून टाकीत मांडले आणि कित्येक आठवडे नुसतं पाणी बघत बसले. नळीही वापरली, फक्त मी घरात नसताना. ती रोज वेगळ्या जागी ठेवलेली सापडायची.

मग दुसरा मासा आला. एकच. पाणी पिकलं होतं, खारेपणा नळीवर बरोबर होता, आणि मासा खात होता. आबा त्याच्यासमोर बसून जेवू लागले. एक घास घेऊन ते काचेकडे बघत आणि म्हणत, "तुजं बरं हाय. तुना मीठ तरी हाय." दहा-बारा दिवस गेले आणि माशाचा रंग उतरला. तो कोपऱ्यात उभा राहून जोरजोरात श्वास घेऊ लागला. आबांनी दार उघडंच ठेवलं होतं. लपवणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. काकांनी पलीकडून सगळं पाहिलं आणि त्या दिवशी काही बोलले नाहीत, त्याचा आबांना जास्त राग आला.

मासा मेला त्या दुपारी त्यांनी मला हाक मारली.

"पुस्तक. तुजं पुस्तक काय बोलतं?"

इतक्या वर्षांत त्यांनी मला पहिल्यांदा सल्ला विचारला होता. मी पुस्तक काढलं आणि वाचून दाखवलं: समुद्राच्या पाण्यात नुसतं मीठ नसतं, मॅग्नेशियम असतं, पोटॅशियम असतं, कॅल्शियम असतं...

"मराठीत बोल."

"मराठीतही हेच म्हणतात, आबा."

"चव काय त्याची? चव लिवलीय काय कुठं?"

मी पानं चाळली. "मॅग्नेशियमचे क्षार चवीला कडू असतात," मी म्हणाले.

ते टाकीवर वाकले.  मग ते बोलले, पण माझ्याशी नाही.

"कडू पानी," ते म्हणाले.

मिठागरात शेवटच्या वाफ्यात मीठ बसलं की वर थोडं पाणी उरतं. दाट, तेलकट, जिभेवर टेकवलं तर थुंकावंसं वाटणारं. त्याला ते कडू पाणी म्हणत. मीठ काढलं की ते पाणी ताबडतोब सोडून द्यायचं, बांधाला तोंड पाडून परत खाडीत. राहिलं तर पुढचं मीठ कडू होतं. आबांना हे त्यांच्या वडिलांनी मारून शिकवलं होतं. ज्याच्या वाफ्यात कडू पाणी राहतं तो मिठाचा माणूस नव्हे. आणि आता ते त्या मिठातून समुद्र परत करायला निघाले होते, जे त्यांनी स्वतः धुऊन, निवडून, समुद्रापासून वेगळं केलं होतं. ही चूक करायला मिठागरातलाच माणूस हवा. दुसऱ्या कुणाचा मिठावर एवढा विश्वास नसतो.

होळीनंतर ते नरेशच्या ट्रकमधून उरणच्या बाजूला गेले. तिकडे त्यांच्या ओळखीच्या एकाचं मिठागर अजून चालू होतं. परत आले ते दोन कॅन भरून कडू पाणी घेऊन. ते पाणी मागून भरून आणताना त्यांना काय वाटलं असेल ते मला माहीत नाही. नरेश म्हणाला, वाटेत त्यांनी एक शब्द काढला नाही, शिवीही नाही.

माझ्या पुस्तकाच्या मते एवढ्यानंही पाणी पुरतं समुद्राचं होणार नव्हतं. पण तिसरा मासा जगला. आठवडा गेला, महिना गेला. तो खाऊ लागला, काचेजवळ येऊ लागला, आबांच्या बोटामागे फिरू लागला. नारिंगी रंग असा चढला की दिवा न लावताही दिसावा.

आणि आबांनी पुढचं दार बंद केलं.

दिवसभर उघडं असणारं दार. मला वाटलं, उन्हासाठी. पण संध्याकाळीही बंदच. पलीकडून काका ओरडले, या वेळी तिऱ्हाईताशिवाय, "दादा! मेला वाटतं! कदी येतंस?"

आबा सोफ्यावर बसून राहिले.

मी म्हणाले, "उघडा ना दार. जिवंत आहे मासा. दाखवा त्यांना."

"जिवंत हाय."

"मग?"

"माझ्या मिठात नाय," ते म्हणाले. "मी बोललो व्हतो, मिठात. ह्यात कडू पानी हाय."

"त्यांना काय कळणार आहे?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांच्या ताटात खरंच काहीतरी वाईट वाढलं आहे. "तुमच्या पालीत चालत असंल," ते म्हणाले.

त्यानंतर आमच्या घराइतकं वाईट घर गावात नसेल. आबा दिवसभर बंद दारामागे एका जिवंत माशासमोर बसून असत आणि जो दिसेल त्याच्यावर ओरडत. डायवरवर, माझ्यावर, पंपावर, माझ्या मसुराच्या आमटीवर. मासा मेला असता तर ते एका दिवसात मोकळे झाले असते. समोर जाऊन बोलून आले असते. शब्द मोडणारा माणूस नव्हता. पण मासा मेला नव्हता, आणि ते जिंकलेही नव्हते, आणि पलीकडे भाऊ रोज विचारत होता. पाऊस लागायला आता थोडेच दिवस होते. पाऊस लागला की मोसम संपतो.

त्यांना मी शेवटचं नीट पाहिलं ते गेले त्याच्या आदल्या संध्याकाळी. मी कॉलेजातून आले तर दार उघडं होतं. आबांनी धुतलेला सदरा घातला होता, डोक्यावर टोपी होती. ओटीच्या पायरीवर बसून ते पायात चपला घालत होते. चपला त्यांनी फार कमी वापरल्या. पट्टा कुठून घालायचा ते त्यांना सापडत नव्हतं. मी वाकून घालून दिला नाही. त्यांनी ते करू दिलं नसतं.

"पुस्तक," ते म्हणाले, "हरल्यावर काय बोलायचं असतं, कुठं लिवलंय काय?"

मी म्हणाले, "नाही. जिंकल्यावरचंच लिहिलेलं असतं."

"मंग कशाला ठेवलीस एवढी?" असं म्हणून ते उठले. फाटकापर्यंत गेले. फाटकाची कडी धरून उभे राहिले. समोरच्या ओटीवर खुर्ची होती पण काका नव्हते. आत टीव्हीचा आवाज येत होता. आबा तसेच उभे राहिले, पाठ नेहमीसारखी वाकलेली, एक हात कडीवर. मग परत आले.

"चार मानसं नायत," ते म्हणाले. "उद्या बघू."

सकाळी ते उठले नाहीत.

काकांनी दुपारी टाकीत बुडवलेलं बोट चाखलं तेव्हा त्यांचा चेहरा काय झाला ते मला नीट दिसलं, कारण मी जवळच होते. ते काय बोलायला आले होते हे मला आणि नरेशला लगेच कळलं होतं. सकाळपासून दार उघडं होतं आणि मासा पोहताना गल्लीपलीकडून दिसत होता. मोसम अजून संपला नव्हता. घरात येऊन दोन शब्द बोलायचे होते. पण आधी त्यांनी पाणी चाखलं, कारण तेही त्याच बापाच्या हाताखाली शिकले होते. आबांची जीभ मी बिघडवली होती. काकांची शाबूत होती.

"यात कडू पानी हाय," ते मला म्हणाले.

"हो."

"कदी घातलं?"

"होळीनंतर."

त्यांनी हिशेब केला. दार कधी बंद झालं ते त्यांना आठवलं असावं. "म्हंजे दादा हरला व्हता."

"हो."

"मंग आला का नाय बोलायला? एवडा बोलनारा!"

मी म्हणाले, "काल चपला घातल्या होत्या."

 काका आबांजवळ जाऊन खाली बसले, गुडघे धरून, जसे मिठागराच्या बांधावर बसत असतील. लोकांना वाटलं आता रडतील. ते रडले नाहीत. ते आबांच्या कानाशी, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं, चिडून म्हणाले, "ऊठ ना आता. हरलास, त बोलून जा. मीठ गाडलं ते बरं केलं, बोल. बोल ना."

 नरेशनं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला तो त्यांनी झटकून टाकला. तिरडी उचलेपर्यंत ते तिथून हलले नाहीत, आणि ज्यासाठी आले होते ते दोन शब्द त्यांनीही उच्चारले नाहीत.

याला आता वर्ष होत आलं. मोसमात बाळारामकाका उरणहून कडू पाण्याचा कॅन आणतात, आमच्या उंबऱ्याच्या आत ठेवतात, "मेला पन कामाला लावून गेला," असं म्हणतात आणि चहा न घेता जातात. पूर्वेच्या खोलीत पोती आहेत. टाकीचं पाणी बदलताना त्यांतलंच मीठ वापरते, नळीनं मोजून. पुस्तकंही तिथेच आहेत. मासा जिवंत आहे. घरात आता मला सगळे नावानं हाक मारतात.